वाटी काट्यावर

सकाळी ६.००

कुलूप मीच उघडते. दिवाळी तीन आठवड्यांवर आली की कर्वेनगरातल्या आमच्या या फराळाच्या गाळ्यात दिवस सहाला उजाडतो. उदबत्ती, चहाचं आधण, आणि मग काटे.

काटे तीन आहेत. मोठा ३० किलोचा आणि मधला ५ किलोचा. या दोघांवर दरवर्षी वैधमापन खात्याचा शिक्का बसतो. तिसरा पेढ्याच्या डबीएवढा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. तो फक्त वेलदोडा, जायफळ, हिंग यांच्यासाठी. मधल्या काट्यावर दोन ग्रॅम जायफळ टाकलं तर कधी १ दिसतं, कधी ३, आणि जायफळ जास्त पडलं तर लाडू खाऊन पाहुणे दुपारी उठायचे नाहीत. छोट्या काट्याला वारा सोसत नाही. वर पंखा फिरत असला की शेवटचा आकडा नाचत राहतो. त्यामुळे सकाळचा अर्धा तास पंखा बंद.

५०० ग्रॅमचं बिडाचं वजन ठेवलं, ५०० दिसलं. आज हे मुद्दाम दोनदा केलं, कारण आज काट्यावर मावशींची वाटी चढायची आहे.

मावशी बावीस वर्षं काकूंकडे, म्हणजे आमच्या मालकिणीकडे, आहेत. भाजणी, बेसन, मोहन, पाक, सगळं त्यांच्या एका स्टीलच्या वाटीने व्हायचं आणि कधी चुकायचं नाही. यंदा ऑर्डरी दुप्पट झाल्या, मावशींचे गुडघे बोलायला लागले, आणि लाडूंचं काम तिघींत वाटलं. गेल्या आठवड्यात तिघींनी ‘दहा वाट्या बेसन, पाच वाट्या तूप’ असंच घेतलं. एकीचे लाडू ताटात बसले, दुसरीचे वळतानाच भुगा झाले, तिसरीचे झकास. बसलेले लाडू आम्ही आपसात वाटून संपवले. काकू म्हणाल्या, “सगळं ग्रॅमवर आण, सोमवारच्या आत.” मावशी एवढंच म्हणाल्या, “मापात पाप नसतं, हातात असतं.”

७.१५

मावशींची वाटी तशी साधी, बुडाला एक पोचा आलेली. काट्यावर ठेवून शून्याचं बटण दाबलं आणि काठोकाठ पाणी ओतलं. १६२ ग्रॅम, म्हणजे १६२ मिलिलिटर. पाण्याच्या बाबतीत हे दोन आकडे एकच येतात आणि माणूस इथेच फसतो, कारण मग सगळ्याच वस्तूंना तो हाच हिशोब लावायला लागतो. फ्रिजच्या दारावर काकूंनी कुठल्याशा कॅलेंडरच्या पाठीमागचा तक्ता चिकटवलाय. त्यात एक ओळ आहे: १ वाटी = १५० ग्रॅम. कशाची वाटी, ते नाही.

मी एकेक डबा उघडत गेले. मध २२८. तूप पातळ करून १४७. तेल १४८. साखर १३८. तांदूळ १३३. हरभरा डाळ १३०. बारीक रवा ११४. पातळ पोहे २२. चुरमुरे १४. वाटी तीच, आणि १४ पासून २२८ पर्यंत सगळं तिच्यात मावतं. तक्त्यावर मी पेन्सिलीने फुली मारली.

साखर मात्र दोनदा मोजण्यासारखी. १३८ ग्रॅम साखर मिक्सरमधून काढून पुन्हा त्याच वाटीने मोजली तर दीड वाटी भरून वर उरली. दळल्यावर साखर वाढत नाही, तिच्यात हवा शिरते. ‘एक वाटी साखर दळून घ्या’ आणि ‘एक वाटी पिठीसाखर घ्या’ या दोन वाक्यांत पन्नासेक ग्रॅमचा फरक आहे. आमच्या वहीत दोन्ही तऱ्हांची वाक्यं आहेत, कधी एकाच पानावर.

तुपाचंही तसंच. पातळ तूप वाटीत आज ओता की उद्या, १४७ च्या आसपासच राहतं. थिजलेलं रवाळ तूप चमच्याने भरलं तर मध्ये पोकळ्या राहून १३० भरतं, आणि वर डोंगर केला तर १६५. लाडू बसण्याचं एक कारण मला सव्वासातलाच सापडलं होतं. दुसरं सापडायला सगळ्याजणी येईपर्यंत थांबावं लागलं.

९.००

सगळ्या आल्या. पिशव्या खुंटीला, डोक्याला टोप्या, आणि मी बेसनाचा डबा मध्ये ठेवून म्हटलं, “एकेकीने एक वाटी भरा. नेहमी भरता तशी. मला खूश करायला भरू नका.”

पहिलीने डब्यात वाटी खुपसली, वर काढली, तर्जनीने सपाट केली. ९१.

दुसरी चिवड्याच्या टेबलावरची, तिला कामाची घाई. तिने वाटी भरली, ओट्यावर दोनदा आपटली, खाली बसल्यावर वरून आणखी घातलं. १०३.

तिसरीला पीठ चाळल्याशिवाय हात लावायची सवय नाही. तिने चाळणीखालचं पीठ उलथन्याने हलकेच भरलं. ६४.

मी चमच्याने भरून सुरीच्या पाठीने सपाट केलं. ७४.

मावशी शेवटी आल्या. मला वाटलं होतं की त्यांचं ९० च्या आसपास असणार. पण त्या आधी डब्यातलं पीठ हाताने मोकळं करतात, हे मी बावीस वर्षांत, म्हणजे माझ्या सहा वर्षांत, पाहिलंच नव्हतं. ८०.

दहा वाट्या म्हणजे एकीचं ६४० ग्रॅम बेसन आणि दुसरीचं हजाराच्या वर, आणि तूप दोघींचं पाचच वाट्या. कुणाचं चुकलं म्हणायचं? प्रत्येकीने वाटी भरलेलीच होती.

मग तांदळावर तसंच केलं. पाचही जणींचं १३१ ते १३६ मध्ये. डाळीचंही तेच. इथे मला थोडं हायसं वाटलं. दाणा आपटला तरी फार दबत नाही, पातळ पदार्थ तर मुळीच नाही. भांडण आहे ते पिठांशी, किसाशी, खवलेल्या नारळाशी, चिरलेल्या गुळाशी. म्हणजे जिथे वस्तूबरोबर हवाही मोजली जाते तिथे. सगळंच ग्रॅमवर आणायची गरज नव्हती, पण काकूंना अर्धवट गोष्टी आवडत नाहीत.

वाटीची बाजू घ्यायला इथे मीच उभी राहीन. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या प्रमाणावर कितीतरी नव्या नवऱ्यांना आणि नवऱ्यांच्या बायकांना तारलंय. त्याआधी ‘अंदाजाने घाल’ हेच प्रमाण. अमेरिकेत फॅनी फार्मर यांनी १८९६ मध्ये कप सुरीने सपाट करून मोजायला शिकवलं, तेही तेवढ्याचसाठी. घरात वाटी एक, हात एक, त्यामुळे चूकही सगळ्या जिन्नसांत सारखीच होते आणि पदार्थ जमतो. आमचं गणित बिघडलं कारण वाटी एकच राहिली आणि हात पाच झाले.

११.३०

सिडनीहून काकूंच्या भाचीचा फोन. तिकडे पाच वाजलेले, तिच्या ओट्यावर पसारा. “चकल्या तेलात विरघळतायत गं.” काकूंनी फोन माझ्या हातात दिला.

“पाणी किती घेतलंस?”

“तुम्ही सांगितलं तेवढंच. एकास एक. दोन कप भाजणी, दोन कप उकळतं पाणी.”

“कप कुठला?”

बराच वेळ शांतता. भाजणी तिने राइस कुकरबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या कपाने मोजली होती. तो कप जपानी मापाचा, १८० मिलिलिटरचा. पाणी मोजलं होतं ओव्हनशेजारच्या काचेच्या मापाने, आणि ऑस्ट्रेलियात कप म्हणजे २५०. एका कपामागे ७० मिलिलिटर पाणी जास्त. तिकडच्या पुस्तकांमुळे तिला एवढं माहीत होतं की अमेरिकन कप २४० च्या आसपासचा आणि आपला थोडा मोठा. कुकरचा कप मात्र तिला भांडं वाटला, माप वाटलंच नाही.

शिवाय मोहन ‘तीन टेबलस्पून’. आमच्याकडच्या मापाच्या चमच्यांत टेबलस्पून १५ मिलिलिटरचा येतो, ऑस्ट्रेलियात २० चा. ४५ ऐवजी ६० मिलिलिटर तेल. पाणीही जास्त आणि मोहनही जास्त, मग चकली तेलात पाय पसरणारच.

तिला पाण्यासाठी ग्रॅम सांगितलेच नाहीत. म्हटलं, भाजणी आणि पाणी दोन्हीला तोच कुकरचा कप घे, बाकी काही बदलू नकोस. तेल तेवढं काट्यावर, ४१ ग्रॅम. उरलेल्या पिठात कोरडी भाजणी मिसळून थालीपिठं लाव. ती म्हणाली, “थालीपिठं तर कालपासून खातोय.”

दुपारी १.१५

डबे. आज पोळी-मेथी, आणि मावशींनी आणलेला लसणाचा ठेचा, ज्याला कसलंच माप नाही.

जेवता जेवता काकूंच्या सासूबाईंची वही काढली. पानं तांबूस झालीत, शाई निळी-जांभळी. पहिलंच पान चकलीच्या भाजणीचं: तांदूळ एक पायली, हरभऱ्याची डाळ दोन शेर, उडीद डाळ एक शेर, जिरे चार रुपयेभार. काकूंच्या नातवाला ‘रुपयेभार’ म्हणजे चार रुपयांचे जिरे वाटले. जुना चांदीचा रुपया एक तोळ्याचा, साधारण ११.६६ ग्रॅमचा. तराजूच्या एका पारड्यात रुपये टाकायचे, दुसऱ्यात जिरे. चार रुपयेभार म्हणजे ४६-४७ ग्रॅम. मोठं स्वच्छ माप आहे ते, आमच्या ‘दोन चमचे जिरे’पेक्षा कितीतरी.

शेराची गोष्ट मात्र गुंत्याची. शेर दोन. एक वजनी, ८० तोळ्यांचा पक्का, म्हणजे ९३३ ग्रॅम. दुसरा मापी, भांड्याने भरायचा. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. हा मापी शेर गावोगाव बदलायचा. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला, आणि सासूबाईंनी मधल्या काही पानांवर ‘शेर’ खोडून ‘किलो’ लिहिलं. नुसता शब्द बदलला, आकडा तोच ठेवला. वजनी शेराला हे खपून जातं, किलोमागे फरक ६७ ग्रॅमचा. मापी शेराला कसं खपेल?

काकू म्हणाल्या, “मापटं आहे की घरी. मी ओलांडलेलं.” मग घरून मापटं आलं. पितळी, कड्या लावलेलं, काठावर लग्नातल्या कुंकवाचा अजून थोडा रंग. या घरात पाऊल टाकताना काकूंनी त्यातले तांदूळ पायाने लवंडले, त्याला आता चव्वेचाळीस वर्षं झाली. आज ते काट्यावर बसलं. तांदूळ सपाट भरले तर ४१२ ग्रॅम. शीग लावून भरले, म्हणजे वर टोक येईपर्यंत, तर ४७०. पायलीत आठ मापटी. नुसत्या शिगेत ४६४ ग्रॅम तांदूळ इकडचे तिकडे होतात. जुने व्यवहार ठरताना ‘शिगेचं की सपाट’ हे आधी विचारत, ते उगीच नाही.

सासूबाईंचं कुठलं होतं? काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, “आमच्या घरात सपाट माप कुणी कुणाला दिलंय?” मी ४७० लिहिलं.

३.००

आजचा खरा पेपर अनारशांचा. वहीत एक ओळ: ‘जेवढे पीठ तेवढा गूळ.’

गेल्या बुधवारी या ओळीचे मी तीन अर्थ लावून तीन गोळे करून ठेवले होते. आधी तीन दिवस रोज पाणी बदलत तांदूळ भिजवले, पंचावर सावलीत पसरले, ओलसर असतानाच दळून चाळले. शंभर ग्रॅम कोरड्या तांदळाचं ओलसर पीठ १२३ ग्रॅम भरलं. वरचे २३ ग्रॅम पाणीच.

पहिला अर्थ वाटीचा: जेवढ्या वाट्या पीठ तेवढ्या वाट्या किसलेला गूळ. चाळलेलं ओलसर पीठ वाटीत ७६ ग्रॅम बसतं आणि गूळ, न दाबताही, ११२. त्या हिशोबाने शंभर ग्रॅम तांदळाला गूळ १८० च्या घरात गेला. दुसरा अर्थ वजनाचा: १२३ ग्रॅम पिठाला १२३ ग्रॅम गूळ. तिसरा अर्थ मावशींना विचारून केलेला. त्या म्हणाल्या होत्या, “आम्ही भिजवायच्या आधी तांदूळच मोजायचो. एक वाटी तांदूळ, एक वाटी गूळ. पीठ कोण मोजत बसतं?” म्हणजे १३३ ला ११२, शंभराला ८४.

“मग वहीत पीठ का लिहिलंय?”

“लिहिणारीला येत होतं गं. ज्याला येतं तो असंच लिहितो.”

कढईत तूप, आच मंद. पहिल्या गोळ्याची पुरी खसखशीवर थापली, खसखस वर ठेवून सोडली. दहा सेकंद ती तशीच होती. मग कडेने एक बुडबुडा, मग चार, मग सगळीकडून सुटली आणि तुपात तांबूस गाळ फिरायला लागला. “हसला,” मावशी म्हणाल्या. अनारसा विरघळला की हसला म्हणायचं. विरघळला म्हटलं की तो आपला दोष होतो.

दुसरा पूर्ण हसला नाही. कडा पसरल्या, मध्ये जाळी आली, पण झाऱ्यावर उचलताना दोन तुकडे. चव मात्र त्याचीच सर्वांत चांगली होती, आणि हे मी कागदावर लिहिलंय. पीठ वाढवून त्याला सावरता येईल.

तिसरा. अनारसा उलटायचा नसतो, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. मावशींनी तूप उडवलं, जाळी एकसारखी फुलत गेली, खसखस जागेवर. चाळणीत उभा करून निथळत ठेवला. कोणी काही बोललं नाही, आमच्यातल्या धाकटीने फोटो काढला.

काट्यावरचा माझा विश्वास इथे थोडा ढळला, हे मान्य करायला हवं. वजन केलं की झालं, असं मी सकाळपासून सगळ्यांना सांगत होते, आणि दुसऱ्या गोळ्यात मी काट्यावर मोजलं ते पाणी होतं. पंचा किती वेळ पसरला, हवा किती दमट, यावर त्या पिठाचं वजन रोज बदलणार. म्हणून आता आमच्या कागदावर अनारशांच्या रकान्यात पीठ नाहीच. कोरडे तांदूळ १००० ग्रॅम, गूळ ८४० ग्रॅम. मधल्या चार दिवसांत काटा बंद.

५.१०

तेलाचा टेम्पो. सहा डबे. भाव ठरला तेव्हा फोनवर ‘पंधराचा डबा’ म्हणाले होते आणि आम्ही किलो धरले. डब्यावर बारीक अक्षरात १५ लिटर, १३.६५० किलो. डब्यामागे १ किलो ३५० ग्रॅम कमी, सहांत मिळून ८ किलोच्या वर. दुकानदार फोनवर म्हणतो, “ताई, मी पंधराच म्हटलं होतं.” खरंय त्याचं. किलो तो म्हणाला नव्हता, मी ऐकलं होतं. पुढच्या वेळी एकक विचारून मग भाव विचारायचा, असं फळ्यावर लिहिलं.

एक लिटर तेल ९१० ग्रॅम, हे पाकिटावर छापलेलं आपण रोज बघतो. पण तापलं की तेल फुगतं, मग लिटरात तेल कमी बसतं. सोयाबीन तेलाचं एक लिटर २१ अंशाला सुमारे ९१९ ग्रॅम, ६० अंशाला ८९३. काही पाकिटांवर लिटरशेजारी ६० अंश तापमान लिहीत, म्हणजे कमी तेलात लिटर पुरा. २०२२ मध्ये केंद्र सरकारने तापमान न लिहिता लिटरबरोबर वजनही छापायला सांगितलं. मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “म्हणजे मापात पाप असतं.”

६.४५

शेवटचा पदार्थ चकली, आणि चकलीतला शेवटचा रकाना मीठ. बाकी सगळे भरले, हा दिवसभर रिकामा. मावशी मीठ हाताने घालतात. त्यांना चमचा दिला तर त्या तो बाजूला ठेवतात. खडेमीठ कुटलेलं एक चमचा आणि पाकिटातलं बारीक एक चमचा यांच्या वजनात बराच फरक पडतो, त्यामुळे चमच्याचा आग्रह मीही धरला नाही.

त्याऐवजी मिठाचा डबाच काट्यावर ठेवला आणि शून्य केलं. मावशींना म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं घाला. त्यांनी पाच बोटांनी मीठ उचललं, एक किलो भाजणीवर फिरवलं, थोडं परत डब्यात झटकलं. काट्यावर आकडा आला: उणे २४.

दुसरी परात. उणे २६. तिसरी. उणे २३. चौथ्या परातीला त्यांनी आधी मळलेल्या पिठाची चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, मग हात घातला. उणे २५.

पुन्हा शून्य करायला हात पुढे केला, तर त्या काट्याकडे वाकून बघत होत्या.

“हे उणं का दाखवतंय?”

“तुम्ही डब्यातून काढलंत तेवढं.”

“मग आधीचे तीन? ते का पुसलेस? चारही लिही,” त्या म्हणाल्या. “आणि नाव घाल माझं.”